घरची परसबाग : एका वाफ्यापासून सुरुवात



पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांत परसबागेची गडबड सुरू होते. कुदळ-फावडी येतात, मुलं बी टाकतात, फोटो निघतात. आणि दिवाळीची सुट्टी संपवून परत यावं तर वाफ्यात भाजीऐवजी गवत उभं असतं! घरीही तसंच. हौसेनं आणलेल्या कुंड्या सहा महिन्यांत गच्चीच्या कोपऱ्यात पालथ्या पडतात. मग आपण म्हणतो, "आमच्या हाताला गुण नाही."

माझंही पहिल्या वर्षी असंच झालं. तेव्हा माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. मी बाजारातून बारा भाज्यांची पाकिटं आणली. शाळेमागे मोठं लिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत मुलांना काम करायला बरं पडेल म्हणून तिथंच वाफे केले. काळी माती, भर जुलैचा पाऊस. बी टाकताना वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, इथं ऊनच येत नाही. आन् पाणी साचतंय, बी कुजंल." हा मुलगा वाचनात मागे होता. त्याचे आई-वडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. मी घाईत होते. "अरे, तू आधी ओळ सरळ धर," एवढंच बोलले. पंधरा दिवसांत बी कुजलं. जे उगवलं ते उंच, पांढरट आणि लुळं होऊन आडवं पडलं. मुलं रोज जाऊन बघायची आणि हिरमुसून यायची. एक मुलगी तर म्हणाली, "बाई, माझ्याच हातानं मेलं का?"

त्या प्रश्नानं मला विचार करायला लावलं. चूक तिच्या हाताची नव्हतीच, जागा मी निवडली होती. दुसऱ्या वर्षी मी आधी त्या मुलाला विचारलं, गावातल्या दोन-तीन आज्यांना विचारलं, आणि एकच वाफा केला. तो मात्र आला. त्यातून जे शिकले ते आज क्रमानं सांगते. घरी करा किंवा शाळेत, मूळ गोष्टी त्याच आहेत.

परसबाग म्हणजे काय?

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. पूर्वी मागच्या दारी अळू, कढीपत्ता, शेवगा, एखादा दोडक्याचा वेल असायचाच. मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला जायचं. वेगळं काही करावं लागत नसे. आज परस नसेल, पण गॅलरी, गच्ची, खिडकीची जाळी, अंगणाचा कोपरा असतो. रोजच्या जेवणातली थोडी भाजी घराजवळ पिकवणं म्हणजे परसबाग. पहिल्या वर्षी सगळी भाजी घरचीच खायची असं ठरवू नका. आठवड्यातून एकदा घरची मेथी किंवा कोथिंबीर ताटात आली तरी पुष्कळ झालं.

१. आधी ऊन बघा, मग जागा ठरवा

ही पहिली पायरी, आणि नेमकी हीच आपण गाळतो. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ पर्यंत दर तासाला जागेवर जाऊन बघा, ऊन आहे की सावली? मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि नोंद त्यालाच करू द्या.

- ६ तास किंवा जास्त ऊन : भेंडी, टोमॅटो, वांगी, मिरची, सगळे वेल. फळभाजीला भरपूर ऊन लागतंच.
- ३-४ तास ऊन : मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू. पालेभाजी कमी उन्हात भागवते.
- अजिबात ऊन नाही : तिथं भाजीचा नाद सोडा. कचऱ्यापासून खत करायची बादली मात्र तिथं छान राहते.

दुसरं म्हणजे, जागा येता-जाता दिसेल अशी हवी. जी बाग रोज डोळ्यांसमोर नसते तिला पाणी घालायचं राहून जातं. पाण्याचा नळही जवळ असावा. लांबून बादल्या वाहायच्या असतील तर उत्साह आठ दिवसच टिकतो.

गच्चीवर करणार असाल तर वजनाचा विचार करा. बारा इंची कुंडी मातीनं भरून भिजली की २०-२५ किलोपर्यंत जाते. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा खालच्या तुळईच्या रेषेत ठेवा, आणि खाली विटा ठेवून उंच करा म्हणजे पाणी साचून गळती होणार नाही. गच्ची जुनी असेल तर आधी जाणकाराला दाखवून घ्या.

२. माती : मुठीत घेऊन ओळखा

ओली माती मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा घट्ट राहिला आणि बोटांना चिकटला तर ती चिकण, काळ्या वळणाची माती. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तिला भेगा पडतात. गोळा झालाच नाही तर माती रेताड किंवा मुरमाड, पाणी लगेच सोडणारी. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर उत्तम. पहिल्या दोन्ही प्रकारांवर औषध एकच, कुजलेलं खत. चिकण माती त्यानं मोकळी होते आणि रेताड माती ओल धरायला लागते.

कुंडीसाठी साधं माप : दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नारळाचा भुसा. भुसा नसेल तर चाळलेला वाळका पालापाचोळा चालतो. कुंडीच, डबाच किंवा जुना टबच पाहिजे असं काही नाही, पण तळाला भोकं हवीतच. भोकावर खापराचा तुकडा आणि थोड्या नारळाच्या शेंड्या ठेवल्या की माती वाहून जात नाही. रंगाचे किंवा औषधाचे रिकामे डबे मात्र वापरू नका, त्यात आपण खायची भाजी लावणार आहोत.

शेणखत कुजलेलंच घ्या. ताजं शेण घातलं तर कुजताना उष्णता तयार होते आणि मुळं करपतात. शिवाय हुमणीची अळी येते. कुजलेलं खत ओळखायला सोपं, त्याला शेणाचा वास येत नाही, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा येतो.

जमिनीवर वाफा करायचा असेल तर रुंदी ३ फूट ठेवा. दोन्ही बाजूंनी लहान मुलाचा हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही आणि माती दबत नाही. लांबी ६ फूट पुरे. पावसाळ्यात काळ्या मातीत अर्धा फूट उंच गादीवाफा करा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सपाट वाफा बरा, पाणी टिकतं.

३. काय लावायचं? आधी लवकर येणारं

बारा पाकिटांची माझी चूक करू नका. मुलांचा धीर किती असतो ते आपण जाणतोच. म्हणून पहिली भाजी मेथी. सोमवारी टाकली तर त्याच आठवड्याच्या शेवटी हिरवे ठिपके दिसतात आणि महिनाभरात भाजी होते. साधारण दिवस असे धरा (हवामानानुसार थोडं पुढे-मागे होतं) :

- मेथी : उगवण ३ ते ५ दिवस, काढणी २५ ते ३० दिवस.
- पालक : उगवण ६ ते १० दिवस, पहिली कापणी ३५ ते ४० दिवस. वरून कापला की पुन्हा फुटतो.
- कोथिंबीर : उगवण ८ ते १२ दिवस, काढणी ४० ते ४५ दिवस.
- मुळा : उगवण ४ ते ६ दिवस, काढणी ४० ते ४५ दिवस. कोवळ्या पाल्याचीही भाजी होते.
- भेंडी : उगवण ५ ते ७ दिवस, पहिली भेंडी ४५ ते ५० दिवस.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची आधी रोपं करावी लागतात. चार-पाच आठवड्यांनी ती दुसरीकडे लावायची. पहिल्या वर्षी तयार रोपं आणली तरी हरकत नाही. रोप संध्याकाळी लावा, रात्रभर त्याला सावरायला वेळ मिळतो.

हंगामही पाळा. जून-जुलै : भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, काकडी. ऑक्टोबर-नोव्हेंबर : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो. फेब्रुवारी-मार्च : भेंडी, गवार, काकडी, लाल माठ, राजगिरा. पहिल्यांदाच करत असाल तर दिवाळीनंतर सुरुवात करा. पाऊस संपलेला असतो, ऊन सौम्य असतं, पालेभाज्या जोमात येतात.

४. बी आणि पेरणी

मेथी, धने, मोहरी, चवळी हे सगळं स्वयंपाकघराच्या डब्यातच असतं. मात्र दाणे जुने असतील तर उगवत नाहीत. म्हणून आधी उगवण चाचणी घ्या. ओल्या फडक्यात २० दाणे गुंडाळून ठेवा, फडकं ओलं राहू द्या. २० पैकी १५-१६ दाण्यांना मोड आले तर बी चांगलं. निम्म्याहून कमी आले तर दुसरं आणा. मुलांसाठी हा सुंदर प्रयोग आहे.

धने आख्खे पेरू नका. लाटण्यानं हलके रगडून दोन भाग करा, कारण प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. मग रात्रभर भिजवा. भेंडीचं बीही रात्रभर भिजवलं की लवकर उगवतं. पेरायची खोली बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट. बारीक बी खोल गेलं तर वर येण्याआधीच दमतं.

एक सूचना महत्त्वाची. बाजारातल्या पाकिटातल्या बियांना पुष्कळदा रंगीत औषध चोळलेलं असतं. ते बी मुलांना तोंडात घालू देऊ नका, उरलेलं स्वयंपाकात वापरू नका, आणि पेरल्यावर हात साबणानं धुवायला लावा.

गावात कुणाकडे देशी वाण असेल तर जरूर मागून आणा. संकरित भाजीचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तशीच भाजी येईल याची खात्री नसते. देशी वाणाचं बी मात्र वर्षानुवर्षं धरता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावरान बियाण्यांची बँक उभी केली. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. हे मी वर्गात मुद्दाम सांगते, आणि स्वतःलाही.

५. पाणी : बोट खुपसून बघा

मुलांचं प्रेम पाण्यातून वाहतं! चौघांनी चार वेळा पाणी घातलं की रोप गुदमरतं, कारण मुळांनाही हवा लागते. गंमत अशी की पाणी कमी झालं तरी रोप मान टाकतं आणि जास्त झालं तरी टाकतं. म्हणून पानाकडे बघून ठरवू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा. ओल लागली तर आज पाणी नको, कोरडं लागलं तर घाला. पाणी शक्यतो सकाळी आणि मुळाशी द्या.

डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी बागेला चालतं. साबणाचं पाणी कुंडीत नको. मातीवर वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन इंच थर दिला की ओल टिकते आणि गवतही कमी उगवतं.

सुट्टीत काय करायचं? बहुतेक बागा सुट्टीतच संपतात. लहान मातीचं मडकं तोंडापर्यंत जमिनीत पुरा, पाण्यानं भरा, वर झाकण ठेवा. मडकं पाझरत राहतं आणि आजूबाजूची रोपं ओल घेतात. मडकं चकचकीत रंगवलेलं नसावं, नाहीतर पाझरणार नाही. शाळेत याशिवाय जवळ राहणाऱ्या मुलांच्या घरांच्या पाळ्या लावाव्यात. जो पाणी घालेल, त्या दिवशीची भाजी त्याची. आमच्याकडे या नियमानंतर पाळी चुकलेली मला आठवत नाही.

६. खत घरातूनच

भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा (धुतलेला) एका भोकं पाडलेल्या बादलीत टाका. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळक्या पानांचा थर द्या. वास यायला लागला तर समजा ओल जास्त झाली, वाळका पाला वाढवा. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत मिळतं. दर पंधरा-वीस दिवसांनी एका कुंडीला मूठ-दोन मूठ पुरे.

मेथी किंवा चवळी संपली की एक झाड अलगद मुळासकट उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यात हवेतला नत्र मातीला देणारे जिवाणू राहतात. गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी दिसली तर त्यांचं काम चालू आहे. पुस्तकातला हा मुद्दा मुलांना हातात धरता येतो.

७. किडी आल्या तर घाबरू नका

भेंडी-चवळीच्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे गर्दी करतात, तो मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं निम्मा जातो. उरलेल्यासाठी निंबोळी अर्क करा. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी गाळून चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. हे काम मोठ्यांनी करावं, आणि फवारलेली भाजी काही दिवस थांबून, धुऊनच वापरावी.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो मावा खातो. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे मुलं इथंच शिकतात.

८. "फुलं येतात पण फळ धरत नाही!"

वेल लावणाऱ्या प्रत्येकाची ही तक्रार. दोडका, दुधी, कारलं, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात आणि गळून जातात. तो रोग नाही. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं, नराच्या मागे नुसता देठ. मादी फुलं येऊनही फळं धरत नसतील तर मधमाशा कमी आहेत. अशा वेळी नर फूल तोडून त्यातला पराग मादी फुलाला हलकेच टेकवा. वेळ सांभाळा. भोपळा, काकडी सकाळी फुलतात. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी फुलतात, सकाळी गेलात तर उशीर झालेला असतो.

शिक्षकांसाठी : वाफ्यातून अभ्यास

- गणित : ६ फूट × ३ फूट वाफ्यात भेंडीच्या दोन ओळी, ओळीत फूटभर अंतरावर झाड, तर एकूण झाडं किती? (बारा.) रोपाची उंची दर सोमवारी मोजून तक्ता करा.
- भाषा : रोज एक ओळीची बागेची नोंदवही.
- परिसर अभ्यास : वनस्पतीचे भाग, बीज अंकुरण, अन्नसाखळी, पाण्याची बचत.
- आरोग्य : पालेभाजीतून लोह मिळतं, आणि सोबत लिंबू पिळलं तर शरीर ते चांगलं शोषतं.

पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेतही शाळेच्या परसबागेला प्रोत्साहन आहे. बागेतली कोथिंबीर दुपारच्या आमटीत पडली की ती आमटी मुलं वेगळ्याच मायेनं खातात.

पालकांसाठी चार गोष्टी

१. एक कुंडी पूर्णपणे मुलाच्या नावाची ठेवा. त्यात तुम्ही हात घालू नका.
२. रोप मेलं तर रागवू नका. "का मेलं असेल?" असं विचारा आणि दोघांनी मिळून शोधा.
३. भाजी मुलालाच तोडू द्या, निवडू द्या. भेंडी कोवळी असतानाच एक दिवसाआड तोडा. जून झालेली झाडावर राहिली तर पुढची फळं कमी येतात.
४. आजी-आजोबांना विचारा. नेटवर मिळणार नाही असं बरंच त्यांच्याकडे असतं.

शेवटी त्या मुलाचं सांगते. दुसऱ्या वर्षी जागा त्यानंच दाखवली, शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीलगतची. गादीवाफा किती उंच हवा तेही त्यानंच हातानं दाखवलं. मी त्याला बागेचा प्रमुख केलं, पण एका अटीवर, नोंदवही त्यानंच लिहायची. पहिले काही दिवस तो वही घेऊन नुसता बसायचा. चौथ्या दिवशी पान उघडलं तर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "आज मेती आली." मी 'मेथी' असं दुरुस्त करायला लाल पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. पुढच्या आठवड्यात पाकिटावरचं नाव बघून त्यानंच ते दुरुस्त केलं.

या दिवाळीनंतर तुम्हीही एक वाफा करा. वाफा नसेल तर एक कुंडी. बी टाकण्याआधी मात्र एक दिवस ऊन बघा, आणि जवळपास कुणी "इथं येणार नाही" म्हणत असेल, तर त्याचं आधी ऐका.